‘माझ्यानं नाही व्हायचं’ हे वाक्य तपासून कसं पाहावं

हा लेख लिहायला कारण झाली माझी मावशी आणि तिची पेडल काढलेली सायकल. जवळजवळ पन्नास वर्षं मावशी एकच वाक्य म्हणत आली होती, "सायकल? ते काही माझ्यानं नाही व्हायचं." लहानपणी एकदा पडली, गुडघा फुटला, मोठे भाऊ हसले आणि विषय संपला. पुढे तिनं नोकरी केली, घर ओढलं, दोन मोठी आजारपणं काढली, पण सायकलचं नाव निघालं की तेच वाक्य, त्याच सुरात. ५७ व्या वर्षी ती शिकायला लागली. तेव्हा तिच्या अंगात कुठून नवी हिंमत आली होती असं नाही. ते वाक्य तिनं पहिल्यांदाच कागदावर लिहून वाचलं होतं, एवढंच.

मला सांगायचंय ते हेच. ‘अशक्य’ हा शब्द एकटा कधीच नसतो. कोणत्या साधनांनी, किती वेळात, कोणाच्या मदतीनं, कोणत्या माहितीच्या भरवशावर, अशा अटी त्याला चिकटलेल्या असतात. वर्षं सरतात तशा अटी विसरल्या जातात आणि निकाल तेवढा डोक्यात राहतो. खालच्या पायऱ्या त्या अटी हुडकून काढण्याच्या आहेत. एक वही, एक पेन आणि महिनाभर रोजची पंधरा मिनिटं एवढं पुरेल.

पायरी १: वाक्य जसंच्या तसं लिहा

मनात जे वाक्य येतं तेच, त्याच शब्दांत लिहा. ते सभ्य किंवा शहाणं करू नका. "मला चार माणसांत उभं राहून बोलताच येत नाही." "आता या वयात कसलं शिक्षण!" "गणित आपल्या डोक्यातच नाही." अशी पाच-सहा वाक्यं झाली की थांबा. प्रत्येकाखाली दोन गोष्टी लिहा: हे पहिल्यांदा कधी ठरलं आणि कोणी ठरवलं.

मावशीच्या वहीत होतं, "मला सायकल येणार नाही. आठव्या वर्षी ठरलं. दादानं ठरवलं." लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी अजून आठ वर्षांच्या पोरीचंच ऐकतेय की!"

सगळ्यांनाच कोण आणि कधी हे आठवेल असं नाही. नाही आठवलं तर ‘आठवत नाही’ असं लिहा. तीही माहितीच आहे. जो निकाल कोणी दिला आणि कशाच्या आधारावर दिला हेच ठाऊक नाही, तो एवढी वर्षं का पाळला, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

आता यातलं एकच वाक्य निवडा. सगळ्यात दुखरं वाक्य पहिल्यांदा घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. मधलं एखादं घ्या, जे फसलं तरी रात्रीची झोप उडणार नाही.

पायरी २: हे कोणत्या जातीचं ‘अशक्य’ आहे?

भूमितीत एक जुना प्रश्न आहे. फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येतील का? दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोक त्यावर डोकं फोडत होते. १८३७ साली पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञानं सिद्ध केलं की अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. साधा ६० अंशांचा कोनसुद्धा या साधनांनी तीन सारख्या भागांत विभागता येत नाही. हे पक्कं अशक्य. इथे जिद्द उपयोगाची नाही.

पण त्याच पट्टीवर दोन खुणा करायची परवानगी द्या, आणि तोच कोन विभागता येतो! ती रीत आर्किमिडीजच्या नावानं ओळखली जाते, म्हणजे वांत्झेलच्या कितीतरी शतकं आधीची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सिद्धता चुकीची नाही आणि रीतही चुकीची नाही. अट तेवढी वेगळी आहे.

तुमचं वाक्य या कसोटीला लावा. ते तीनपैकी एका ढिगात पडेल. पहिला ढीग खरोखर न होणाऱ्या गोष्टींचा. गेलेलं माणूस परत येत नाही, सरलेलं वय परत येत नाही. या ढिगातल्या वाक्यांशी भांडू नका. त्यांचं दुःख करायला वेळ द्या, ते दुःख खरं असतं. ‘वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ असं आपण एकमेकांना ऐकवतो, पण ज्याच्या हातात खरोखरच वाळू आहे त्याला हे ऐकवणं निर्दयपणाचं आहे असं मला वाटतं.

दुसरा ढीग ‘या अटींत अशक्य’ असलेल्या गोष्टींचा. बहुतेक वाक्यं इथेच सापडतात.

तिसरा ढीग थोडा अवघड, कारण तो कबूल करायला धीर लागतो. तो ‘मला हे नकोच आहे’ अशा गोष्टींचा. ‘करायचं नाही’ म्हटलं की कारण द्यावं लागतं, ‘जमत नाही’ म्हटलं की सुटका होते. एखादं वाक्य या ढिगातलं निघालं तर त्यावर सरळ काट मारा. वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं असं एका रेघेनं उतरलेलं मी पाहिलंय.

पायरी ३: वाक्याखालचा आकडा तपासा

बऱ्याच ‘अशक्य’च्या तळाशी एखादा आकडा किंवा नियम असतो, आणि तो कोणी मोजलेला नसतो.

एव्हरेस्टच्या माथ्यावर बाटलीतल्या प्राणवायूशिवाय माणूस टिकेल का, याबद्दल अनेक जाणकारांना मोठी शंका होती. तिथली हवा इतकी विरळ की शरीराला जगण्यापुरता प्राणवायू जेमतेम मिळेल किंवा मिळणारही नाही, असं हिशेब सांगत होते. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर बाटलीशिवाय माथ्यावर पोचले आणि जिवंत परतले. मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. वातावरणाच्या प्रमाण सूत्रातून माथ्यावरचा हवेचा दाब साधारण २३६ मिलिमीटर पारा निघतो. १९८१ साली एका वैद्यकीय मोहिमेतल्या क्रिस्टोफर पिझ्झो या डॉक्टरनं माथ्यावर उपकरण नेऊन तो प्रत्यक्ष मोजला. भरला २५३. विषुववृत्ताकडच्या अक्षांशांवर त्या उंचीवरचा दाब सूत्रात धरलेल्यापेक्षा जास्त असतो. फरक दिसायला थोडका, पण तिथे जगणं आणि न जगणं तेवढ्यावरच ठरतं. माणसाची ताकद अफाट आहेच, पण हिशेबातला आकडाही कमी धरलेला होता.

तुमच्या वाक्याखाली कोणता आकडा आहे? ‘उशीर झाला’ म्हणजे किती उशीर? ‘खूप वेळ लागेल’ म्हणजे किती तास? ‘घेत नाहीत’ म्हणजे कोणत्या नियमाखाली? माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं पदवीचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. वय उलटून गेल्यामुळे आता प्रवेश मिळणार नाही, असं त्या चौदा वर्षं धरून चालल्या होत्या. शेवटी नियमांचं पत्रक मागवून वाचलं, तर वयाची अटच नव्हती. अडचण होती ती हजेरीची, आणि तिच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. वाट काढता आली, कारण खरी अडचण कोणती ते आता माहीत होतं.

या पायरीला एक आठवडा द्या. ज्यांनी ती गोष्ट केली आहे अशा निदान दोन माणसांना विचारा. "मला जमेल का?" हा प्रश्न त्यांना विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो, का नाही!’ असंच येतं आणि त्यातून हाती काही लागत नाही. विचारायचं ते असं: "सुरुवातीला तुम्हाला काय अडलं?", "किती दिवस लागले?", "पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या.

पायरी ४: गोष्टीचे तुकडे पाडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर.

मावशीच्या लेखी सायकल चालवणं ही एक गोष्ट होती. माझ्या मामेबहिणीनं तिला दाखवलं की त्या चार आहेत: तोल सांभाळणं, ब्रेक लावणं, पेडल मारणं आणि नजर पुढे ठेवणं. लहानपणी चारही एकदम करायला लावल्या होत्या, त्याही मागून कॅरिअर पकडून. कॅरिअर दुसऱ्यानं धरलं की तोल तोच सांभाळतो. शिकणाऱ्याला तोल जातो कसा आणि सावरतो कसा हे कळतच नाही.

म्हणून तिनं आधी पाना घेऊन दोन्ही पेडल काढली. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथे पानाही उलटा फिरवावा लागतो. हे माहीत नसल्यानं आमची पहिली संध्याकाळ त्यातच गेली.) सीट इतकी खाली घेतली की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. पहिले चार दिवस मावशी सायकलवर बसून नुसती चालत होती. अधूनमधून ब्रेक दाबायचा, थांबायचं. एवढंच. पाचव्या दिवशी पायानं रेटा देऊन दोन अंक मोजेपर्यंत पाय वर. मग तीन, मग पाच.

अडलं ते एका जागी. तोल डावीकडे गेला की ती घाबरून हँडल उजवीकडे ओढायची आणि पाय टेकायची. खरं तर ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला हँडल हलकं वळवायचं असतं. मग चाकं अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. हे सांगून पटत नाही, अंगाला कळावं लागतं. नवव्या दिवशी कळलं. मैदानाच्या हलक्या उतारावर ती सुटली ती थेट कडेच्या झाडापर्यंत, पाय वर, तोंडातून अवाक्षर नाही. झाडापाशी ब्रेक लावून थांबली आणि मागे न बघताच ओरडली, "कोणी धरलं नव्हतं ना गं?" बाराव्या दिवशी पेडल परत बसवली. तोल आला होताच, बाकीचं दोन दिवसांत जुळलं.

मोठमोठ्या ‘अशक्य’ गोष्टींच्या पोटातही बहुधा असंच काहीतरी असतं. ४ मिनिटांच्या आत एक मैल धावण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरनं ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला, आणि ४६ दिवसांनी जॉन लँडीनं त्याहून कमी वेळ नोंदवला. भाषणांत ती गोष्ट ‘मनातली भिंत पडली’ म्हणून सांगतात. मला ती अर्धीच वाटते. आधीचा विक्रम ४ मिनिटं १.४ सेकंदांचा होता आणि तो १९४५ पासून अभंग होता. म्हणजे भिंत फोडायला दीड सेकंदाच्या आसपास कमी पडत होतं. बॅनिस्टर वैद्यकीचा विद्यार्थी होता, धावण्यावर आणि श्वासावर त्यानं स्वतः प्रयोग केले होते. त्यानं मैलाचे चार तुकडे पाडले, पाव पाव मैलाचे, प्रत्येकी ६० सेकंदांच्या आतले. सरावात तो पाव मैल दहा वेळा धावायचा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. वेळ ६६ सेकंदांवरून हळूहळू ६१ वर आली आणि तिथेच अडकली. तेव्हा तो सराव सोडून मित्राबरोबर काही दिवस डोंगर चढायला गेला. परत आला तेव्हा ६० चा अडसर सुटला होता. शर्यतीच्या दिवशी क्रिस ब्रॅशर आणि क्रिस चॅटवे आळीपाळीनं पुढे धावून त्याला वेग लावून देत होते. तुकडे, मोजमाप, विश्रांती आणि दोन मित्र. विश्वास होताच, पण त्याच्या हाताशी एवढं सगळं होतं.

तुमच्या वाक्याचे तुकडे पाडताना एक खूण लक्षात ठेवा. तुकडा असा हवा की ‘आज झाला’ किंवा ‘आज झाला नाही’ असं सांगता यावं. ‘आत्मविश्वास वाढवणं’ हा तुकडा नव्हे. ‘तीन मिनिटं उभं राहून एका माणसासमोर बोलणं’ हा तुकडा.

पायरी ५: लहान चाचणी घ्या

सगळ्यात सोपा तुकडा घ्या आणि सात दिवस करून पाहा. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की ‘मला हे जमेल’ ही भावना ज्या वाटांनी येते त्यांत स्वतः केलेली गोष्ट सगळ्यात प्रभावी. दुसऱ्याला करताना पाहणं आणि कोणी धीर देणं यांचाही उपयोग होतो, पण त्यांचा नंबर नंतरचा. म्हणूनच आधी धीर गोळा करून मग सुरुवात करू म्हणणारा माणूस ताटकळत राहतो. धीर पहिल्या दोन-तीन लहान यशांच्या मागून येतो.

चाचणी फसली तर नुकसान किरकोळ असावं. नोकरी सोडणं, कर्ज काढणं, चालू औषध बंद करणं या चाचण्या नव्हेत. शरीराचा प्रश्न असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आपण इतकी वर्षं गप्प का बसलो म्हणून स्वतःला टोचून घेऊ नका. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं की काहीही केलं तरी त्रास टळत नाही असा अनुभव आला, की पुढे सुटका शक्य असतानाही प्राणी हातपाय हलवत नाही. ही हतबलता शिकलेली असते, असं तेव्हा म्हटलं गेलं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपलं उलटं झालं होतं. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे. माझ्या मनावरचं मोठं दडपण हे वाचून उतरलं. आपल्यात खोट नव्हती. एक गोष्ट शिकायची राहिली होती.

पायरी ६: दुसऱ्याच्या हातातलं वेगळं काढा

माझं स्वतःचं वाक्य होतं, "त्याच्याशी आता बोलणं शक्य नाही." तो म्हणजे माझा जिवलग मित्र. सहा वर्षं अबोला होता. तुकडे पाडले तेव्हा दिसलं की पत्र लिहिणं, माझी चूक स्पष्ट मान्य करणं आणि ते पाठवणं हे माझ्या हातात आहे. त्यानं उत्तर देणं नाही. मी वहीत रेघ मारून दोन रकाने केले आणि डाव्या रकान्यातलं सगळं केलं. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. पूर्वीसारखं झालेलं नाही, होईल असंही नाही. पण ‘बोलणं शक्य नाही’ हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही.

ज्या गोष्टीत दुसऱ्याची मर्जी लागते तिथे हे दोन रकाने आधी करा. नाहीतर उजव्या रकान्यावर झुरण्यात डावा तसाच राहतो.

पायरी ७: नाही जमलं तर

सात दिवस झाले आणि तुकडा झाला नाही, तर तो अजून मोठा आहे. त्याचे पुन्हा दोन करा. असं तीनदा करूनही हललं नाही, तर पायरी ३ वर परत जा. बहुधा एखादी अट नजरेतून सुटलेली असते: शिकवणारा चुकीचा, वेळ थकलेली, किंवा घरच्या जबाबदारीतून पंधरा मिनिटंही निघत नाहीत. ही शेवटची अट खरी असते. तिला सबब म्हणू नये. वहीत ‘सध्याच्या अटींत नाही’ असं लिहा, शेजारी अट लिहा, तारीख घाला.

आणि कधीकधी पुरती मेहनत करूनही उत्तर ‘नाही’ असंच येतं. तेही लिहा. दादाच्या हसण्यावरून ठरलेलं ‘नाही’ आणि स्वतः मोजून काढलेलं ‘नाही’ यांत फार अंतर आहे. या दुसऱ्या ‘नाही’बरोबर शांतपणे राहता येतं.

सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा आणि फक्त अटींचा रकाना वाचा. ज्या अटी बदलल्या असतील त्यांच्यासमोर खूण करा आणि त्यातल्या एकीपासून पुन्हा पायरी ४ सुरू करा. पुढच्या वाचनाची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर आजच घालून ठेवा. आत लिहिली तर ती सापडत नाही.